‘नाही’ म्हणालात? मग लिहून द्या



शाळा भरू लागल्या की आपल्या सगळ्यांच्या घरी सकाळी एकच गडबड असते. डबा झाला का, पाण्याची बाटली भरली का आणि सगळ्यात मोठा प्रश्न, व्हॅनवाले भैया आले का? इंदूरच्या आईवडिलांना हा प्रश्न जरा जास्तच घाबरवतो. ५ जानेवारी २०१८ ला आपल्या बायपासवर शाळेची बस ट्रकवर आदळली. त्यात चार मुलं आणि बसचालक गेले. ती दुपार ज्यांनी पाहिली, ते आजही मूल घरी येईपर्यंत घड्याळाकडे बघत असतात.

आज मात्र ज्याच्या दाराशी कुठलीच व्हॅन येत नाही, अशा एका मुलाबद्दल सांगायचंय.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या. त्यांचा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे डोकं तल्लख, पण पाय साथ देत नाहीत. सरकारी शाळा घरापासून साधारण आठशे मीटरवर. दुसरीपर्यंत त्याची आई त्याला कडेवर घेऊन पोचवायची. मूल वाढलं, वजन वाढलं आणि दिवाळीच्या सुमारास तिची कंबर धरली. त्या दिवसापासून तो घरीच.

मला हे कळलं फेब्रुवारीत, तेही बोलता बोलता. मावशी म्हणाल्या, “ताई, ऑफिसात गेलो होतो गाडीभाडं मागायला. साहेब म्हणाले, शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, मिळत नाही. घरीच शिकवा म्हणाले.”

“काही कागद दिला का मावशी?”

“कागद कसला? नाही म्हणाले, झालं.”

खरं सांगते, मी पर्स काढलीच होती. महिन्याचं ई-रिक्षाचं भाडं आपण देऊन टाकू, एवढंच मनात आलं. माझी लेक कॉलेजात आहे. ती शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, “आई, थांब. जे त्याच्या हक्काचं आहे, ते तू दान म्हणून का देतेस? आणि तू दोन महिने देशील, मग पुढे?”

मग आम्ही दोघी कायदा वाचायला बसलो. जे सापडलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं, म्हणून सोप्या शब्दांत सांगते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षण देतो. ‘जवळ’ म्हणजे किती? केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर धरले आहेत. एवढ्या अंतरात शाळा नसेल, तर मोफत वाहन किंवा निवासाची सोय सरकारने करायची. साहेबांनी सांगितलेला १ किलोमीटर तो हाच.

पण त्याच नियमात पुढे आणखी एक वाक्य आहे. अपंगत्वामुळे ज्या मुलाला शाळेत पोचता येत नाही, त्याच्यासाठी योग्य आणि सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायची. तिथे अंतराचा आकडाच नाही. ज्याला दहा पावलं टाकता येत नाहीत, त्याच्यासाठी आठशे मीटर आणि आठ किलोमीटर सारखेच! दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही कलम १६ मध्ये अशा मुलांच्या वाहतुकीचा आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या मदतनिसाचा स्पष्ट उल्लेख आहे.

आणि ‘घरीच शिकवा’? तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. पण तो निवडायचा मुलाने आणि त्याच्या पालकांनी, ऑफिसाने नव्हे. आमच्या या गड्याला तर शाळाच हवी होती. दाराबाहेरून मुलं गेली की तो खिडकीशी जाऊन बसायचा.

माझी एक भाची इंग्लंडमध्ये असते. तिला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मावशी, इथेही हेच भांडण असतं!” तिथे आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा दोन मैलांपेक्षा आणि मोठ्या मुलाची तीन मैलांपेक्षा दूर असेल, तर कौन्सिलने मोफत वाहन द्यायचं. मूल अपंगत्वामुळे चालू शकत नसेल, तर अंतर बघायचं नाही. नकार आला की वीस कामकाजी दिवसांत फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर स्वतंत्र समितीपुढे जाता येतं. तिथले पालक हे सगळं करू शकतात, कारण नकाराचं पत्र त्यांच्या हातात असतं. मावशींच्या हातात काय होतं? नुसता शब्द.

म्हणून आमचं पहिलं काम ठरलं: ‘नाही’ लिहून घ्यायचं.

लेकीने एक पानी अर्ज हिंदीत लिहिला. मुलाचं वय, शाळा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कधीपासून गैरहजर आणि का, आणि शेवटी मागणी: वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता द्यावा, देता येत नसेल, तर कोणत्या नियमाने, ते लेखी कळवावं. दोन प्रती काढल्या. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. आपल्या मध्य प्रदेशात या पोचेला कचेरीतसुद्धा ‘पावती’च म्हणतात बरं का! तो शब्द सोडायचा नाही, आणि पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही.

पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने कागद तसाच ठेवून घेतला. मावशींची मुलगी परत आली. दुसऱ्या दिवशी लेक सोबत गेली आणि शिक्का मिळाला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एक ओळ होती: शाळेचं अंतर १ किलोमीटरपेक्षा कमी असल्याने अपात्र. मावशी हिरमुसल्या. लेक मात्र खूश! “आजी, आता यांची चूक कागदावर आली.”

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ इथे कामाला येतं. मुलाच्या हक्काबद्दल कुणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. वकील लागतोच असं नाही. उत्तरच मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून ‘माझ्या अर्जावर काय कारवाई झाली’ असं विचारता येतं. त्याला तीस दिवसांची मुदत आहे. शिवाय मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई आणि १८१ नंबरची सीएम हेल्पलाइन आहेच. पण एक लक्षात ठेवा, हेल्पलाइनवरची तक्रार आणि कलम ३२ ची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने ऑफिस हलतं, दुसरीने अपिलाचा रस्ता उघडतो.

तक्रारीत आम्ही रागाचा एक शब्दही लिहिला नाही. साहेब कसे बोलले, किती वेळ बसवून ठेवलं, सगळं गाळलं. फक्त एवढंच: आपण अंतराचा नियम लावला, इथे अपंगत्वाचा नियम लागतो. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि शाळेच्या हजेरीची नक्कल.

सुनावणीला त्याची आई स्वतः बोलली. अधिकाऱ्यांनी विचारलं, “इतके दिवस कसं नेत होतीस?” ती म्हणाली, “साहेब, नेत होते. आता उचलत नाही.” त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

जुलैत आदेश आला. दोन्ही भत्ते मंजूर झाले. रक्कम पूर्ण भाड्याएवढी नाही, हेही सांगायला हवं; गल्लीतल्या ई-रिक्षावाल्या दादांनी थोडं कमी केलं म्हणून भागतंय. आणि मधले आठ महिने गेले ते गेलेच. ते कुठलंच अपील परत देत नाही. म्हणूनच लवकर विचारायचं, लवकर लिहायचं.

असं भांडणारे ते एकटे नाहीत. महाराष्ट्रात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा २०२२ मध्ये बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत जायला सांगितलं. ती मुलं शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. आमची दप्तरं घ्या आणि त्याबदल्यात शेळ्या द्या, असं त्यांचं म्हणणं! त्याच वर्षी जानेवारीत साताऱ्याच्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यात स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्यांच्या बातम्या झाल्या, म्हणून आपल्याला कळलं. आपल्या गल्लीतल्या खिडकीत बसलेल्या मुलाची बातमी होत नाही.

तेव्हा तरुण मंडळींनो, हे तुमच्यासाठी. तुम्हाला हिंदी येतं, इंग्रजी येतं, मोबाइलवर कायद्याचं कलम दोन मिनिटांत सापडतं. घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे चौकीदार, भाजीवाले काका, यांना एकदा विचारून बघा, “तुमची मुलं शाळेत जातात ना? कशी जातात?” उत्तर अडखळत आलं, तर एक अर्ज लिहून द्या. दोन प्रती काढा. पावती घ्यायला सोबत जा.

आता सकाळी साडेनऊला आमच्या कोपऱ्यावरून ती ई-रिक्षा जाते. परवा मावशींनी तक्रार केली, “ताई, शाळेतून आला की नुसता बडबडतो, पोळ्या लाटू देत नाही.”

भेटू पुढच्या महिन्यात!