लोहाराचं कापडाचं दुकान



आमच्या घरी सध्या एका वहीवरून वाद चालू आहे. महिन्यापूर्वी एक माणूस गावात येऊन गेला. सेंद्रिय कापसाचा गट करतोय म्हणाला. नाव, गट नंबर, एकर लिहायचे आणि खाली सही. परदेशातल्या मोठ्या कपडेवाल्यांना असा कापूस हवा आहे, भाव जादा मिळेल, असं त्याचं सांगणं. दादा सही करायला निघालेच होते. वहिनींनी वही मिटून त्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "विचार करून सांगतो."

तेव्हापासून जेवताना तोच विषय. परदेशातल्या कपडेवाल्याला आपल्या शिवाराची एवढी काळजी कधीपासून, हा वहिनींचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मला एका लोहाराची गोष्ट सापडली, ती आज सांगतो.

इव्हॉन शुईनार्ड हे त्याचं नाव, राहणार अमेरिकेत. डोंगरकडे चढायचा नाद. कड्याच्या भेगेत ठोकायच्या मेखा त्या काळी युरोपातून यायच्या, मऊ लोखंडाच्या. ठोकली की तिथेच सोडायची. १९५७ साली या गड्यानं भंगारातून कोळशाची जुनी भट्टी, ऐरण, सांडशी आणि घण आणले आणि आपला आपणच लोहारकाम शिकला. पहिल्या मेखा केल्या त्या कापणीयंत्राच्या जुन्या पात्याच्या. तासाला दोन व्हायच्या. परदेशी मेखेपेक्षा कितीतरी महाग, पण ठोकून पुन्हा काढता यायच्या, म्हणून लोकांनी उचलल्या. १९७० पर्यंत अमेरिकेत अशा सामानाचा सर्वांत मोठा धंदा त्याचा झाला. मग त्याच्या ध्यानात आलं की, या ठोक-काढीनं कड्यांच्या भेगाच फुटून चालल्यात. १९७२ साली त्यानं आपल्या चालत्या मालाला पर्याय म्हणून हातानं अडकवायचे ॲल्युमिनियमचे ठोकळे बाजारात आणले आणि मेखांचा धंदा आवरता घेतला. चालती भट्टी आपल्या हातानं विझवणारा माणूस विरळा, एवढं तर कबूल करावं लागेल.

१९७३ साली त्यानं कपड्यांची कंपनी काढली. नाव पॅटागोनिया. आता खरी गोष्ट सुरू होते.

१९८८ साली बॉस्टन शहरात कंपनीचं नवं दुकान उघडलं आणि थोड्याच दिवसांत आतल्या नोकरांची डोकी दुखायला लागली. हवा तपासली. तळघरात सुती कपड्यांचा साठा होता, त्यातून फॉर्मल्डिहाईडची वाफ येत होती. शाळेत बाटलीत बेडूक ठेवतात ना, ते ज्या पाण्यात ठेवतात त्यातलंच हे औषध. कापड आटू नये, चुरगळू नये म्हणून गिरणीत त्याचा हात फिरवतात. दुसरा दुकानदार असता तर पंखा बसवून मोकळा झाला असता. यानं विचारलं, आपण विकतो त्या कापडात आणखी काय काय आहे? १९९१ साली सूत, लोकर, नायलॉन आणि पॉलिस्टर या चारींची तपासणी करवली. वाटलं होतं, सूत सगळ्यांत निर्मळ निघेल. निघालं उलटंच. फवाऱ्यावर पोसलेल्या कापसाचा उपद्रव कोणापेक्षा कमी नव्हता.

मग त्यानं एक गोष्ट केली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या नोकरांना बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियातल्या कापसाच्या शेतांवर नेलं. शिवणारे, हिशेब लिहिणारे, दुकानात उभे राहणारे, सगळे. त्यांनी फवाऱ्याचा वास घेतला, पाखरू न फिरकणारी जमीन पाहिली. वास आपल्याला नवा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीची बाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. पण कापड विकणाऱ्यानं स्वतः बांधावर येऊन तो वास घेतला, असं फार क्वचित घडलंय.

१९९४ साली ठरलं: दीड वर्षात सगळा सुती माल सेंद्रिय कापसाचा करायचा, नाहीतर सुती माल विकायचाच नाही. बोलायला सोपं. दलालांकडे असा कापूसच नव्हता. थेट मोजक्या शेतकऱ्यांकडे जावं लागलं. जिनिंगवाल्याला, गिरणीवाल्याला विनवावं लागलं की, बाबा, आमचा माल घालायच्या आधी यंत्र झाडून घे, सरमिसळ नको. गिरणीवाले कुरकुरले, कारण त्या कापसात पालापाचोळा फार आणि माव्याचा चिकटा यंत्राला धरायचा. थायलंडमधल्या एका गिरणीनं तो कापूस आधी गोठवून मग कातला! चिकटा कडक झाला आणि सुटला. १९९६ पासून कंपनीचा सगळा सुती माल सेंद्रिय कापसाचा झाला. मालाचे प्रकार मात्र ९१ वरून ६६ वर आणावे लागले.

पुढं या माणसाचे रंग आणखी पाहायला मिळाले. २०११ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत दिवाळीसारखी खरेदीची झुंबड असते त्या दिवशी, न्यूयॉर्कच्या पेपरात पानभर जाहिरात दिली: आमचं हे जाकीट विकत घेऊ नका! एका जाकिटाला १३५ लिटर पाणी लागतं, गरज नसेल तर घेऊ नका, फाटलं तर आमच्याकडे आणा, शिवून देऊ. रेनो गावात त्यांचा शिवणकामाचा कारखाना आहे, तिथं जुने कपडे दुरुस्त होतात. आता यात नवल कसलं? आमच्या आईची वाकळ उसवली तर आत तिच्या सासूच्या लुगड्याचे थर निघतील. आणि हेही सांगून टाकतो की, त्या जाहिरातीनंतर कंपनीची विक्री वाढलीच. व्यापारी तो व्यापारीच. पण २०२२ साली त्यानं आणि घरच्यांनी कंपनीची मालकीच सोडली आणि नफा निसर्गाच्या कामाला लावून दिला, हेही खरं.

त्याच्या मागोमाग बऱ्याच मोठ्या कपडेवाल्यांनी सेंद्रिय कापसाची भाषा सुरू केली. कोणी मनापासून, कोणी गिऱ्हाईक विचारतं म्हणून. तरी आजही जगातल्या शंभर गाठींत अशा गाठी मोजक्याच. त्यातही पिकवणाऱ्यांत भारत पुढे. पॅटागोनियानंही २०१८ साली आपल्या देशातले दीडशेच्या वर लहान शेतकरी घेऊन नवा प्रयोग सुरू केला. हरभरा, हळद अशी जोडपिकं, जमिनीचा कस वाढवायचा आणि कापसाच्या भावावर दहा टक्के जादा, असं कंपनीचं सांगणं आहे.

म्हणजे वहीवाला माणूस आला तो या वाटेनं. पण वाट दुकानातून जितकी सरळ दिसते तितकी वावरातून दिसत नाही.

पहिली अडचण बियाण्याची. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली आणि आज शंभर एकरांत नव्वदांहून अधिक एकर तिचीच आहे. सेंद्रियला बीटी चालत नाही. साधं सरळ बियाणं दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील. दुसरी अडचण मधल्या वर्षांची. आपल्या नियमानं हंगामी पिकाला पेरणीआधीची दोन वर्षं रसायनाविना काढावी लागतात, अमेरिकेच्या नियमानं कापणीआधीची तीन. या काळात खत-फवारा बंद, उतारा बहुधा कमी आणि दाखला नसल्यानं भाव साधाच. दुकानदारानं पुण्य करायचं ठरवलं, पण त्याची उधारी कोणी फेडायची? आता काही कंपन्या या मधल्या वर्षांतला कापूसही जादा भावानं घेतात, पॅटागोनियाही त्यात आहे. सगळे घेत नाहीत.

तिसरी अडचण बायका सांगतात, पुरुष सांगत नाहीत. तणनाशक गेलं की निंदण आलं. शेजारच्या गावात एका गटानं तीन वर्षं काढली. निंदण वाढलं, शेणखत वाहणं वाढलं, निंबोळ्या गोळा करून कुटणं आलं, सगळं घरच्या बायांच्या अंगावर. तिसऱ्या वर्षी कापूस घरात येऊन पडला आणि घेणारा फिरकलाच नाही. दाखल्याचा कागद त्याच्याच कपाटात. शेवटी खेडा खरेदीवाल्याला चालू भावानं घातला. त्यांची जमीन सुधारली हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळी नांगरटीला ढेकूळ हातानं फुटतं.

आणि कागदाचं म्हणाल तर २०२० साली सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या संस्थेनं जाहीर केलं की, भारतातून निघालेले २०,००० टन कापसाचे दाखले बनावट होते. अकरा कंपन्यांवर बंदी आली. शेतात न पिकलेला सेंद्रिय कापूस कागदावर पिकला, म्हणजे खरा पिकवणाऱ्याचा जादा भाव कोणीतरी मधेच खाल्ला.

परवा वहीवाला पुन्हा आला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि विचारायला बसल्या. दाखला कोणाच्या नावावर, गटाच्या की कंपनीच्या? गट आमचा आणि दाखलाही आमच्या नावावर असेल, तर गिऱ्हाईक बदलता येईल की नाही? नियमानं गटात पंचवीस ते पाचशे शेतकरी लागतात. आमच्या गावचे किती आणि हिशेब कोण लिहिणार? पहिल्या दोन-तीन वर्षांचा कापूस कोण घेणार, काय भावानं, आणि ते लिहून देणार का? माल घेतला नाही तर काय? त्या माणसानं काही उत्तरं दिली, काहींना वरच्यांना विचारून सांगतो म्हणाला.

दादा आता दोन एकर म्हणतात, धुऱ्याजवळचे, तुरीच्या ओळी घालून. वहिनी म्हणतात, दोन एकर चालतील, निंदणाला मजूर लावायचे पैसे आधी बाजूला काढा. आणि सही बियाण्याची पिशवी घरात आल्यावर.