पाठांतर नको, पारख हवी
सन १८४८ त पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. १८८४ त हुजूरपागेची शाळा स्थापन झाली. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद मिटला. शिकून त्यांनी प्रश्न विचारावे की नाही, हा अद्याप बाकीच आहे. इंग्रजी निबंध मुखोद्गत केल्याने गुण मिळतात, बुद्धी स्वतंत्र होत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, मुलींस केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे उभे करावे. सुपारी कातरण्याच्या हत्यारास इतकी नक्षी कशाला, यावर त्यांस मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, वाद घालू द्यावा. माल पारखल्यावाचून न घेणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी कन्येस मात्र पारखण्याची मनाई करावी काय? तिने घरी ‘कशावरून?’ असे विचारले, तर रागावू नये. फी वसूल झाली असे समजावे.