न ऐकता दिलेला निकाल

‘रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट’ हा आम्हां ज्येष्ठ बडोदेकरांचा निकाल. बाजू न ऐकताच दिलेला. २६ जानेवारी २०२५ रोजी अहमदाबादेस मोटेऱ्याच्या क्रीडांगणावर नातीसमवेत ‘कोल्डप्ले’ ऐकले. लाखाहून अधिक श्रोते. मनगटावरील दिव्यांची कडी एकाच ठेक्यावर उजळत, मालवत होती. कानठळ्या बसल्या, हे खरे. परंतु भोवतालच्या तरुणांना गाण्यांचा शब्दन् शब्द मुखोद्गत होता!

सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, त्याच बडोद्यात आज आपल्या सभांतील खुर्च्या रिकाम्या का? तरुणांच्या अभिरुचीला दूषणे देऊन त्या भरणार नाहीत. कागद न वाचता शेरा मारू नये, हा नोकरीतील दंडक गाण्यालाही लागू करावा.