यंत्र दुबळे नाही, मे महिना कडक आहे



हातातल्या कन्सोलवर ‘एल्डन रिंग’सारखा अवजड रोल-प्लेइंग गेम चालूच शकत नाही, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे विधान टिकणारे नाही. २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातातल्या कन्सोलचा पडदा १२८० × ८०० पिक्सेलचा. चित्र लहान, म्हणून यंत्रावर भारही कमी. सेटिंग उतरवली की सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास हा गेम बऱ्यापैकी चालतो. २०१९ मध्ये तर ‘द विचर ३’ त्याहून कमकुवत निन्टेन्डो स्विचवर उतरला होता. (धूसर दिसतो, हे मान्य!)

खरी अडचण हवेची आहे.

जुलै २०२२ मधल्या युरोपातील उष्णतेच्या लाटेत स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच सांगितले होते, की भोवतालचे तापमान ३५ अंशांपुढे गेले तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू शकते. आदिलाबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे आतला इवलासा पंखा गरम हवाच ओढणार.

शिवाय पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-तासांची. अवजड गेम वीसेक वॅट खातो, म्हणजे खेळ दोनेक तासांचा. आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसने तिरुपतीला निघालेल्या खेळाडूला वाटेतले मुदखेड स्थानक यायच्या आतच चार्जिंगचा सॉकेट शोधावा लागेल.

— एक वाचक, आदिलाबाद