लांब शब्दांचा पदच्छेद

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस लांबलचक शब्दांची धास्ती वाटते, हें घरोघरीं दिसून येतें. असा शब्द एकेक अक्षर घोकून पाठ करण्याची जी रीत आहे, तिनें स्मरणशक्तीस शीण मात्र होतो. अर्थ हातीं लागत नाहीं. ज्या समाजांत शाकल्यांनीं ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध केला, तेथें तरी असें होऊं नये, असें आम्हांस वाटतें.

‘ओटोराइनोलॅरिंगॉलॉजी’ हा शब्द घ्या. इंग्रजी लेखनांत त्याचीं १९ अक्षरें होतात. परंतु तो मूळचा ग्रीक समास आहे. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘राइनो’ म्हणजे नाक, ‘लॅरिंगो’ म्हणजे स्वरयंत्र व ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र. रुग्णालयाच्या दारावरील ही भीतिदायक पाटी म्हणजे आपलें कान-नाक-घसाच होय! हेंच नाक पुढें ‘राइनॉसरस’ या गेंड्याच्या नांवांत भेटतें. तेथें त्यास ‘केरास’ म्हणजे शिंग जोडलें आहे, इतकेंच.

मात्र येथें एक विवेक राखला पाहिजे. उच्चाराची फोड निराळी आणि अर्थाची निराळी. ‘गणेश’ हा शब्द आपण ग-णे-श असा उच्चारतों. पदच्छेद मात्र गण व ईश असा करतों. ‘हेलिकॉप्टर’ शब्दाचेंही तसेंच आहे. जीभ त्याचे हे-लि-कॉप्-टर असे चार तुकडे पाडते. अर्थ पाहूं जातां पदें दोनच, ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख. १८६१ सालीं फ्रान्समध्यें पाँतों दामेकूर यांनीं हा शब्द घडविला. ‘टेरोडॅक्टिल’ या लुप्त झालेल्या उडत्या प्राण्याच्या नांवारंभीं जो मुका ‘पी’ लिहावा लागतो, तो याच पंखांतला. हें एकदां उमगलें, कीं तें स्पेलिंग घोकावें लागत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी: मुलानें शब्द प्रथम टाळीगणिक तुकडे पाडून म्हणावा, म्हणजे उच्चार सुधारेल, मग त्याखालीं पदें व अर्थ लिहावे, म्हणजे स्पेलिंग टिकेल. पदांचे अर्थ कोशांत सांपडतात. ज्या आजोबांस इंग्रजीचा सराव नाहीं, पण समासाचा विग्रह येतो, त्यांनींही या कामीं नातवंडांजवळ अवश्य बसावें. केवळ स्पेलिंगच्या भयानें एखादी हुशार मुलगी शास्त्रविषयास पाठमोरी झाली, तर तो दोष शब्दाच्या लांबीचा नव्हे. तो शब्द तिला उलगडून न दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांचा होय.