आपला चिनार फाल्गुनात

ऑक्टोबर उजाडला की आमच्या ओळखीतली निदान दोन कुटुंबे काश्मीरला निघतात. चिनार लाल झालेला पाहायचा असतो. चिनार पाहण्यासारखाच आहे, त्यात वाद नाही. पण परतलेली मंडळी 'आपल्याकडे मेलं असलं काही नाही' म्हणतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आपल्याकडे आहे. वेळापत्रक तेवढे निराळे. थंड प्रदेशात झाड हिवाळ्याच्या धास्तीने पाने टाकते, सह्याद्रीत उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईच्या. पान गाळण्यापूर्वी झाड त्यातले हरितद्रव्य मोडून कामाचा ऐवज आत ओढून घेते आणि दडलेला पिवळा रंग वर येतो. (आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, खाते बंद करण्याआधी शिल्लक काढून घेणे!) रस्त्याकडेचा बदाम तर थंडी सरता सरता चांगला लालभडक होतो.

खरी मौज पुढेच आहे. कुसुंब, काही ठिकाणी त्याला कोशिंब म्हणतात, मार्चच्या सुमारास पालवतो तो हिरवा नव्हे, तांबडा. दुरून वाटते, झाड फुलले आहे. जवळ जावे तर ती कोवळी पानेच! थोड्याच दिवसांत हा रंग हिरव्यात विरून जातो. पिंपळाची पालवीही तांबूस, आणि वाऱ्यावर अशी लकाकते की बघत राहावे. यासाठी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान किंवा पनवेलजवळचे कर्नाळा पुरे. पहाटे निघावे, जेवायला घरी.

पण मार्च म्हणजे मुलांची परीक्षा आणि वडिलांचे इयर एंडिंग. माझ्या नोकरीतले मार्च लेजर जुळवण्यात गेले. वसंत आल्याचे शाखेच्या दारातल्या पिंपळावरून समजायचे. तरीही सांगतो, एका रविवारची सकाळ रानात घालवल्याने कोणी नापास होत नाही.

अर्थात, रंग पाहायला झाड तर उरले पाहिजे. आमच्या सोसायटीच्या सभेत आवारातला बदाम तोडण्याचा ठराव आला. कारण काय, तर पानांचा कचरा होतो, गटार तुंबते. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, मग रोज तुम्हीच झाडा!" सभा हसली, मीही हसलो. पण झाडलेली पाने आमच्याकडे कोपऱ्यात पेटवली जातात आणि त्या धुरात लहान मुले स्कूलबसची वाट पाहत खोकत उभी असतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर बंदी केली आहे. दोन स्कूटरींच्या जागेत खड्डा केला, तर याच पानांचे खत होईल. दोन स्कूटरींना मात्र दुसरी जागा शोधावी लागेल, आणि खरे घोडे तिथेच अडले आहे.

ठराव तूर्त तहकूब आहे. पुढची सभा बदामाखाली, सकाळी आठ वाजता घ्यावी, असे पत्र मी सेक्रेटरींना दिले आहे. पोच घेतली आहे.