वकट, लेंड, मूंड, नाल

विटी लांब जाऊन पडली की टोला मारणारा गलीपासून, म्हणजे मातीत उकरलेल्या खळगीपासून, तिच्यापर्यंत दांडूने जमीन मोजत निघायचा आणि मोठ्याने म्हणायचा : वकट, लेंड, मूंड, नाल. नालच्या पुढे गावोगाव फरक पडे, शेवटी बहुतेक ठिकाणी झक्कू येई आणि पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर थांबे, त्यावर पुढचा टोला ठरे. विटी पावलावर ठेवायची, मुठीवर धरायची की मान मागे टाकून डोळ्यावर ठेवायची, हे तो शब्द सांगे.

हे तेलुगूतले आकडे आहेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्याने जन्मात तेलुगू ऐकलं नाही, असा पुण्याचा किंवा कोकणातला मुलगाही गलीपाशी तेलुगूत मोजत असे. शाळेत त्याचे पाढे मराठी, संध्याकाळचा हिशेब मात्र शेजारच्या भाषेतला. सोलापूरच्या मागांवर आणि नांदेड-चंद्रपूरच्या सीमेवर या दोन भाषा आजही एकमेकींत मिसळून नांदतात. पण एवढ्या दूरवर ही मोजणी राखली ती मुलांनी. तिला क्रमिक पुस्तक नव्हतं की गुरुजी नव्हते. दहा वर्षांच्या मुलाकडून ती सात वर्षांच्या मुलाकडे गेली आणि तशीच पिढ्यान् पिढ्या चालत राहिली. या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

खेळ किती जुना, याचा एक धागा महाभारतात सापडतो. आदिपर्वात कुरुकुमार ‘वीटा’ घेऊन खेळत असतात, ती विहिरीत पडते आणि द्रोणाचार्य गवताच्या काड्या एकीत एक रोवून ती वर काढतात. काही भाषांतरकार वीटा म्हणजे चेंडू समजतात. सतराव्या शतकात काशीत बसून ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धरांनी मात्र स्पष्ट सांगितलं आहे : जवाच्या दाण्यासारखा दोन्हीकडे निमुळता, अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर भरेल एवढा लाकडाचा तुकडा, जो मुलं हातभर दांड्याने उडवतात. नीलकंठ मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. ते काही कोशात पाहून लिहीत नसावेत. विटी कशी दिसते, हे गोदाकाठी वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

हुतूतूची कबड्डी झाली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत ती पोचली. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात बांधले गेले आणि २०२५च्या जानेवारीत दिल्लीत त्याचा विश्वचषक झाला. दोन्हींचा अभिमान वाटतो. विटी-दांडूला ही वाट मिळाली नाही. त्याला मोकळं रान लागतं, आणि टोकदार विटी वेगाने कुठे जाईल याचा भरवसा नसतो. डोळ्याला लागेल ही आयांची भीती खरीच होती, अशा इजा झालेल्या आहेत. शिवाय मापाचं मैदान आणि ठरलेली वेळ या खेळाच्या स्वभावातच नाही. पेरूची किंवा बाभळीची एक बरी फांदी मिळाली की विटी आणि दांडू दोन्ही तयार, आणि टाचेने माती उकरली की गल. त्यामुळे तो पुन्हा मैदानांवर आणा, असा आग्रह मी धरणार नाही. खेळ संपतात, नवे येतात, मुलं खेळत राहतात.

शब्दांचं तसं नाही. ‘कोलणं’ आणि ‘टोलवाटोलवी’ आपण कचेऱ्यांविषयी बोलताना रोज वापरतो, म्हणून ते टिकले. वकट-लेंडला असा आधार नाही. मुलाने मुलाला देण्याची साखळी तुटली की ते शब्द अखेरचं खेळलेल्या पिढीबरोबर जातात. आज ती पिढी साठी-सत्तरीत आहे.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांनी बालपणाच्या आठवणी भरभरून छापल्या. त्या आठवणींत आंब्याची झाडं आहेत, नदी आहे, मित्र आहेत. खेळाची मोजणी सलग, क्रमाने फार थोड्या ठिकाणी सापडते. लिहिणाऱ्याला ती क्षुल्लक वाटली असेल. आम्हाला ती तशी वाटत नाही.

म्हणून यंदा वाचकांकडे एक मागणं आहे. घरातल्या आजोबांना, मामांना, आणि खेळलेल्या आज्या-मावश्यांनाही, फराळाच्या ताटाशी बसवून विचारा. नालच्या पुढे तुमच्या गावी काय म्हणत? प्रत्येक शब्दाला विटी कुठे ठेवत? गलीला काय नाव होतं? झेल गेला तर डाव एकाचा जाई की साऱ्या गड्यांचा? उत्तर ते बोलतील तसंच लिहा, शुद्ध करू नका. सोबत गाव आणि तालुका लिहा. एकाच तालुक्यातल्या दोन गावांची मोजणी वेगळी निघाली, तर दोन्ही पाठवा. पुढच्या दिवाळीला हा संग्रह गाववार, जसा आला तसा, आम्ही छापणार आहोत.